पानांची कैफियत

अंगणातल्या लिंबाच्या कोवळ्या पानांना एके सकाळी भोके पडलेली दिसली, किंवा निगुतीने वाढवलेल्या गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके उमटून ती एकेक करून गळू लागली, म्हणजे आपल्याकडील सामान्य गृहस्थ पानाकडे धड पाहतही नाही, तो तडक जवळचे कृषिसेवा केंद्र गाठतो आणि "झाडाला कीड लागली आहे, काय मारू?" असा प्रश्न गल्ल्यावरच्या माणसाला टाकतो. त्या बिचाऱ्याने झाड पाहिलेले नसते, पानही पाहिलेले नसते; परंतु गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत धाडणे दुकानदारीच्या रिवाजात बसत नसल्यामुळे तो एक कीटकनाशक आणि एक बुरशीनाशक अशा दोन बाटल्या पुढे सरकवतो, आणि दोहोंपैकी एक तरी लागू पडेल या भरवशावर त्या दोन्ही एकाच पंपात ओतल्या जातात. पुष्कळदा त्या झाडाला दोहोंपैकी एकाचीही गरज नसते.

पानावर उमटलेली बहुतेक प्रत्येक खूण ही कोणा ना कोणा कर्त्याने मागे ठेवलेला पुरावा असतो, आणि तो वाचण्याची हातोटी थोड्या निरीक्षणाने कोणालाही साधते. दहा एकरांच्या शेतकऱ्याला एकेका पानापाशी थांबणे परवडत नाही. नुकसानीच्या प्रमाणाचा अंदाज बांधून त्याला सरसकट निर्णय घ्यावा लागतो. घरची दहाबारा झाडे सांभाळणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. झाड हाताच्या अंतरावर आहे, सवड आहे, आणि पान उलटून पाहायला दाम पडत नाही. ते उलटून पाहणे मात्र अगत्याचे आहे, कारण मावा, पांढरी माशी, लाल कोळी, तांबेऱ्याची पूड ही सगळी मंडळी उन्हापावसापासून बचाव म्हणून बहुधा पानाच्या पाठीशीच वस्ती करतात. त्याचप्रमाणे, दिवसा काही सापडले नाही तर रात्री आठ-नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन पुन्हा एकदा झाडापाशी जावे. गोगलगाई आणि पाने खाणारे कित्येक भुंगेरे दिवसा मातीत किंवा पालापाचोळ्यात दडून बसतात व अंधार पडल्यावर कामाला लागतात; त्यांचा छडा दिवसाउजेडी लावू पाहणारा माणूस व्यर्थ शिणतो.

तोंडाच्या रचनेवरून या कीटकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. अळ्या, नाकतोडे, भुंगेरे यांना जबडे असतात. ते पान कुरतडतात, आणि म्हणून त्यांनी केलेल्या नुकसानीत पानाचा काही भाग प्रत्यक्ष नाहीसा झालेला असतो. खालच्या पानांवर किंवा जमिनीवर त्यांच्या विष्ठेचे काळपट दाणे पडलेले आढळतात. ते ओलसर व ताजे असतील तर अळी अद्याप वरच कुठे तरी बसली आहे असे खुशाल समजावे. दुसऱ्या वर्गातील कीटकांना सुईसारखी सोंड असते. ते पान खात नाहीत, त्यातील रस शोषतात. त्यामुळे पान सबंध राहते, परंतु फिकटते, आकसते, चिकट होते किंवा त्यावर बारीक पांढुरक्या टिकल्यांची रांगोळी उमटते. मिरचीवरचा चुरडा-मुरडा सर्वांच्या परिचयाचा आहे. पण पाने वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर ते काम फुलकिड्यांचे असते आणि खालच्या बाजूला वळली असतील तर कोळ्यांचे, ही तजवीज फारच थोडे लोक करतात. आणि ती न केल्याचा परिणाम साधासुधा होत नाही. कोळी हा आठ पायांचा प्राणी, कीटकांच्या वर्गात न मोडणारा. त्याच्यावर नेहमीचे कीटकनाशक मारले असता तो स्वतः बचावतो आणि त्याला खाणारे भक्षक कीटक तेवढे मरतात, त्यामुळे फवारणीनंतर आठपंधरा दिवसांत त्याची पैदास पूर्वीपेक्षा वाढलेली दिसते. उन्हाळ्यात पानांच्या पाठी पाण्याच्या झोताने दोनचार दिवसांआड धुऊन काढल्या तरी कोळ्यांचा जोर ओसरतो.

गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कात्रीने कापून काढावेत असे स्वच्छ, अर्धवर्तुळाकार तुकडे गेलेले कधी कधी दिसतात. कडा फाटलेली नाही, विष्ठा नाही, अळी नाही. ही करामत पाने कापणाऱ्या एका मधमाशीची असते. ही माशी पोळे बांधत नाही. भिंतीतल्या छिद्रात, बांबूच्या नळीत, क्वचित कुलुपाच्या भोकातसुद्धा, पानांच्या तुकड्यांची सुरळी करून तीत पराग व मध भरून ठेवते आणि त्यावर अंडे घालते. ती पान खात नाही, झाडाला तिच्यापासून यत्किंचितही धोका नाही, उलट फुलांच्या परागीभवनाला तिचा उपयोगच होतो. तिच्यावर औषध मारणे हा निव्वळ अन्याय आहे, आणि मला वाटते की आपल्या बागांतून असा अन्याय रोज होत असावा.

या सर्व प्रकरणाचा नमुना म्हणून कागदी लिंबाचे झाड घ्यावे. त्या एका झाडावर उपद्रवांचे जेवढे प्रकार एकत्र पाहावयास मिळतात तेवढे दुसऱ्या कोणत्याही घरगुती झाडावर क्वचितच मिळतील. पावसाळ्यात झाडाला नवती फुटली की तांबूस कोवळ्या पानांवर मोहरीपेक्षाही लहान, गोल, फिकट पिवळी अंडी एकेकटी घातलेली दिसतात. तीन-चार दिवसांत त्यांतून जी अळी बाहेर येते ती करड्या-पांढऱ्या रंगाची, ओलसर तकाकीची असून हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि हे सोंग तिला पक्ष्यांच्या नजरेतून वाचवते. शेवटची कात टाकल्यावर मात्र ती एकाएकी हिरवीगार होते व पानांत मिसळून जाते. तिला काडीने डिवचले तर डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाचे दुबेळके शिंग झटकन बाहेर येते आणि उग्र आंबूस वास सुटतो. मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा. ही लिंबू फुलपाखराची अळी. कढीपत्ता आणि बेल हेही लिंबाच्याच कुळातले असल्यामुळे या अळ्या आणि त्यांची भावंडे त्या झाडांवरही सापडतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला तो निळा-काळा, तळहाताएवढा ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजेच राणी पाकोळी, हाही लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवरच पोसतो. सबब, अंगणातल्या लिंबावर आलेली अळी चिरडण्यापूर्वी आपण राज्याच्या मानचिन्हावर तर हात टाकीत नाही ना, याचा विचार करण्यासारखा आहे. दोन पुरुष उंचीच्या झाडाला अशा पाचपंचवीस अळ्यांनी काही होत नाही. नुकतेच लावलेले हातभर उंचीचे कलम मात्र चारदोन अळ्या चार दिवसांत बोडके करून टाकतात. तेथे त्या वेचून मोठ्या झाडावर नेऊन सोडाव्यात, किंवा मोठे झाड नसेल तर मन घट्ट करून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात.

त्याच कोवळ्या पानांवर चांदीच्या तारेने नक्षी काढावी तशा नागमोडी रेघा दिसतात, त्या नागअळीच्या. एका चिमुकल्या पतंगाची ही अळी पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली शिरून आतल्या आत खात पुढे सरकते, तिच्या मागे विष्ठेची बारीक काळी रेघ राहते, आणि पान वाळून-मुरडून जाते. पापुद्र्याच्या आत असल्यामुळे अंगावर पडून मारणारी औषधे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. जून झालेल्या पानांना ती सहसा शिवत नाही. म्हणून वारंवार नत्रखत घालून आणि अवेळी छाटणी करून सतत कोवळी पालवी फुटत ठेवण्याचा जो हव्यास काही हौशी लोकांना असतो तो नागअळीला दिलेले आवतणच ठरतो.

नागअळीचे खरे उपद्रवमूल्य तिने खाल्लेल्या पानात नाही, तिने उघड्या करून ठेवलेल्या जखमेत आहे. या जखमांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू आत घुसतात. खैऱ्याचा चट्टा एकदा पाहिला की पुन्हा विसरत नाही: पानाच्या दोन्ही बाजूंना उठून आलेला, बोटाला खरखरीत लागणारा, बुचासारखा तपकिरी फोड आणि त्याभोवती पिवळे वलय. फांद्यांवर आणि फळांवरही तसेच खवले येतात, फक्त फळावर ते पिवळे वलय दिसत नाही. हा रोग आपल्या भागात फार जुना आहे. इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पतिसंग्रहात १८२७ ते १८३१ या काळात हिंदुस्थानातून गेलेल्या लिंबूवर्गीय नमुन्यांवर त्याचे चट्टे पुढे अभ्यासकांना आढळले. अमेरिकेतील फ्लोरिडा संस्थानात याच रोगापायी १९९५ पासून २००६ पर्यंत सरकारने लोकांच्या परसांतील झाडांसकट लक्षावधी झाडे तोडविली, त्यावरून कज्जे-खटले झाले, आणि अखेरीस वादळांनी रोग सर्वदूर पसरल्यावर ती मोहीम सोडून द्यावी लागली. आपण खैऱ्यासह लिंबे खात आलो आहोत. सालीवरच्या खवल्यांनी रसाला काही बाध येत नाही. बाजारात मात्र अशा फळाची किंमत उतरते. रोगट फांद्या कोरड्या दिवसांत छाटून जाळाव्यात. भर पावसात छाटणी करू नये, कारण हे जिवाणू वाऱ्यासवे उडणाऱ्या पावसाच्या थेंबांतूनच एका पानावरून दुसऱ्यावर जातात, आणि ओल्या कात्रीवरूनही जातात.

लिंबापासून जास्वंदीकडे वळले की रस शोषणाऱ्यांचा प्रांत सुरू होतो. जास्वंदीचे शेंडे आखडून गुच्छासारखे झाले, कळ्या न उमलताच गळू लागल्या आणि पेरांत कापसाची बोंडे दडवल्यासारखा पांढरा मेणचट पुंजका दिसला, की पिठ्या ढेकूण आला असे निश्चित समजावे. त्याच्या आसपास मुंग्यांची रांग असते. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड हे सर्व झाडाचा रस प्रमाणाबाहेर पितात व त्यातील जादा साखर गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. मुंग्या त्या थेंबांवर जगतात आणि मोबदल्यात या किडींच्या शत्रूंना हुसकावून लावतात. हाच गोड चिकटा खालच्या पानांवर सांडला की त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते. नागपूरकडच्या संत्राबागायतदारांना ती 'कोळशी' या नावाने चांगली ठाऊक आहे; तेथे तिचे मूळ काळ्या माशीत असते, कोकणात आंब्यावर ते तुडतुड्यांत असते. काळ्या पडलेल्या पानावर बुरशीनाशक मारणारा गृहस्थ धुराकडे पाणी फेकून आग विझवू पाहतो. बुंध्याभोवती चिकट पट्टा गुंडाळून मुंग्यांचा येण्याजाण्याचा रस्ता बंद केला, आखडलेले शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवले आणि उरलेल्या झाडावर जोराने पाणी मारले, तर पुष्कळसे काम विनाऔषध होते.

येथे एक खबरदारी घ्यावी. पिठ्या ढेकणांच्या वस्तीत कधी कधी त्यांच्याहून मोठी, लांब पांढरी मेणाची झालर असलेली आणि त्यांच्यापेक्षा पुष्कळच चपळ अशी एक अळी फिरताना दिसते. ती ढेकणांची राणी आहे असे समजून लोक आधी तिलाच चिरडतात. वस्तुतः ती एका ऑस्ट्रेलियन ढालकिड्याची अळी असून पिठ्या ढेकूण हेच तिचे अन्न आहे. या ढालकिड्याला १८९८ साली, कॉफीवरील खवले किडीच्या बंदोबस्तासाठी, ऑस्ट्रेलियातून मुद्दाम हिंदुस्थानात आणले होते; पुढे द्राक्षबागांतून पिठ्या ढेकणांसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. त्याच्या अळीने शत्रूचाच वेष पांघरलेला असल्यामुळे तिला ओळखण्याची खूण एकच, तिची चाल.

शत्रूकरवी शत्रूचा काटा काढण्याचा याहून ठळक दाखला अलीकडच्या काळातला आहे. मूळ मेक्सिकोचा असलेला पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूर भागात आढळला आणि बघता बघता दक्षिणेतील पपई, तुती, जास्वंद यांवर त्याने इतका धुमाकूळ घातला की बागाच्या बागा पांढऱ्या पडल्या. महाराष्ट्रातही तो येऊन पोहोचला. औषधांचा मारा करूनही तो हटेना, कारण त्याच्या अंगावरचे मेण औषधाला दाद देत नव्हते. २०१० साली बंगळूरच्या, शेतीतील कीटकांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिको बेटावरून टाचणीच्या डोक्याएवढ्या परोपजीवी गांधीलमाश्या मागवल्या, त्यांची पैदास केली आणि त्या सोडल्या. ही माशी ढेकणाच्या शरीरात अंडे घालते आणि तिची अळी त्याला आतून पोखरून खाते. थोड्याच काळात त्या किडीचा उपद्रव आटोक्यात आला. घरच्या झाडावर मावा पडला असता त्यात काही मावे फुगलेले, कागदासारखे तपकिरी व निश्चल दिसले आणि एकाददुसऱ्याच्या पाठीवर नेमके गोल छिद्र आढळले, तर अशाच माश्यांची फौज आपल्या दारी आपणहून दाखल झाली आहे असे जाणून फवारणी तहकूब ठेवावी. रुईच्या शेंड्यावरचा पिवळाधमक मावा भिंगाखाली पाहिला, तर हा सगळा संग्राम एका पानावर चाललेला दिसतो.

वळवाच्या पावसानंतर एका संध्याकाळी बाभळी-कडुलिंबांवर तपकिरी भुंगेऱ्यांची एकच गर्दी उडते आणि सकाळी पाने चाळणीसारखी झालेली आढळतात. हे हुमणीचे भुंगेरे. यांनी पानांचे केलेले नुकसान क्षुल्लक असते, परंतु याच माद्या पुढे जमिनीत अंडी घालतात आणि त्यांतल्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या ऊस, भुईमूग, गवत, कुंडीतले गुलाब या सर्वांची मुळे खातात. ऊसपट्ट्यातल्या गावांतून त्या दिवसांत संध्याकाळी फांद्या झोडपून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात बुडवण्याची मोहीम निघते. जे काम जमिनीत गेल्यावर विषाने धड होत नाही, ते चार संध्याकाळच्या झोडपणीने होते.

ठिपक्यांचे शास्त्र किडींच्या शास्त्राहून अधिक फसवे आहे, कारण येथे आरोपी डोळ्यांना दिसत नाही. पुन्हा एकच ठिपका निरनिराळ्या कारणांनी पडू शकतो. भुईमुगावरचा टिक्का, डाळिंबावरचा तेल्या, आंब्यावरचा करपा ही नावे आपल्या शेतकऱ्यांनी पानावरील दृश्यावरूनच दिली, आणि ती दिली तेव्हा त्यांतला टिक्का नि करपा बुरशीचे आणि तेल्या जिवाणूंचा, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. तरी तेल्या या नावातच जिवाणूजन्य ठिपक्याचे मुख्य लक्षण आलेले आहे: आरंभी तो तेलाचा डाग पडल्यासारखा पाणचट, उजेडाकडे धरल्यास अर्धपारदर्शक दिसतो, आणि पुष्कळ झाडांवर पानांच्या शिरांनी अडवला गेल्यामुळे कोनाकोनांचा होतो. बुरशीचा ठिपका बहुधा गोल, कोरडा, मध्यभागी फिकट, आणि एकात एक वर्तुळे असलेला असतो. जुना झाल्यावर मध्यभाग गळून भोक पडते व ते किड्याने खाल्ले असा भ्रम होतो. परंतु काही खुणा रोगाच्याही नसतात. नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही असा अर्थ. जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी पडली तर नत्राची उणीव. आणि सावलीतून एकदम उन्हात आणलेल्या कुंडीच्या पानांवर पडलेले पांढुरके, कागदी चट्टे म्हणजे केवळ भाजल्याच्या खुणा. ज्या बाजूला ऊन आहे त्याच बाजूला चट्टे असतील, तर बुरशीला दोष देण्याचे कारण नाही.

गुलाबावरच्या काळ्या ठिपक्याची हकीगत थोडी तपशिलाने सांगण्याजोगी आहे. ठिपका काळा, नखाएवढा, आणि त्याची कड रेखीव नसून शाई टीपकागदावर पसरावी तशी झालरदार असते. भोवती पान पिवळे पडते आणि देठापासून गळते. खालच्या पानांपासून सुरुवात होते, कारण जमिनीवर पडलेल्या रोगट पानांतून पावसाच्या किंवा झारीच्या पाण्याचे शिंतोडे बुरशीची बीजे वर उडवतात. बीज पानावर पडले की ते रुजण्यासाठी पान सलग सुमारे सात तास ओले राहावे लागते. या एका अटीत त्या रोगाचा सगळा बंदोबस्त सामावलेला आहे. संध्याकाळी हौसेने सबंध झाड न्हाऊ घालणारा माणूस ही अट रोज रात्री आपणहून पुरी करीत असतो. पाणी सकाळी घालावे, बुंध्याशी घालावे, पानांवर घालू नये. झाडे एकमेकांना खेटून लावू नयेत. गळलेले पान त्याच दिवशी उचलून टाकावे, कुंडीत खत म्हणून कुजवू नये. आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरातल्या छाटणीत काळवंडलेल्या काड्या काढून टाकाव्यात. आषाढ-श्रावणात पावसाने पाने दिवसरात्र ओली राहतात, तेव्हा हे नियम पाळूनही थोडे ठिपके पडणारच. त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

भुरीचा कायदा नेमका याच्या उलट आहे. पीठ भुरभुरल्यासारखी दिसणारी ही बुरशी रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थर लागत नाही. दिवसा कोरडे ऊन आणि रात्री गारठा, असे हिवाळ्याचे दिवस तिला मानवतात. म्हणून पावसाळ्यात ठिपक्यांनी नाडलेला गुलाब पौषात भुरीने पांढरा होतो. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारल्यास ती आवरते. मात्र उन्हाचा कडाका असताना गंधक मारले तर पानेच करपतात. चाफ्याच्या पानांवर वरून पिवळे ठिपके आणि पाठीमागे बोटाला लागणारी नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. चाफा काही झाले तरी हिवाळ्यात पाने गाळणारच असल्यामुळे त्याच्यासाठी जिवाचा आटापिटा करण्यात मला तरी हशील दिसत नाही.

पानांवरचे ठिपके ही नेहमीच अंगणापुरती किरकोळ बाब राहते असे मात्र नाही. १९४२ साली बंगालमध्ये भातावर तपकिरी ठिपक्यांची जी साथ आली तिचा पुढल्या वर्षीच्या भीषण दुष्काळात वाटा किती, याबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. आणि ठिपक्यांवरच्या सर्वांत विख्यात औषधाचा शोध तर चोरांच्या भीतीतून लागला. फ्रान्समधील मेदॉक भागात रस्त्याकडेची द्राक्षे वाटसरू तोडून नेत, म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे निळसर, विषारी दिसणारे मिश्रण शिंपडीत. १८८२ च्या शरदात बोर्दो विद्यापीठाचे प्राध्यापक मिलार्दे त्या वाटेने जात असता त्यांच्या लक्षात आले, की अमेरिकेतून नव्यानेच आलेल्या केवडा रोगाने आतल्या वेलींची पाने झडून गेली आहेत आणि निळ्या शिंतोड्यांच्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. प्रयोगांअंती १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि बोर्डो मिश्रण जगभर गेले. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास सुपारीवरील कोळेरोगासाठी ते वापरून दाखवले. कोकणातल्या सुपारीच्या वाड्यांतून पावसाळ्याच्या तोंडाशी आजही तेच चढते.

घरच्यापुरते ते करावयाचे तर पन्नास ग्रॅम मोरचूद अडीच लिटर पाण्यात आणि पन्नास ग्रॅम कळीचा चुना निराळ्या अडीच लिटर पाण्यात विरघळवून, दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतीत ढवळावे. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत. लोखंडाची मुळीच नकोत. तयार मिश्रणात लोखंडी विळ्याचे पाते क्षणभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळा तांब्याचा अंश शिल्लक आहे, तो पाने भाजील, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. अगदी कोवळ्या पालवीवर निम्म्याच ताकदीचे मारावे. हे औषध झालेला ठिपका पुसत नाही. निरोगी पानावर बसून ते नव्या बीजाला रुजू देत नाही, इतकेच त्याचे काम. त्यामुळे पावसाळ्याच्या आरंभी, ठिपके दिसण्यापूर्वी, एक हात दिलेला बरा.

किडींसाठी निंबोळीचा अर्क हा आपल्याकडचा सर्वांत भरवशाचा घरगुती उपाय. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीने सगळे रान फस्त केले असता कडुलिंबाची झाडे तेवढी हिरवी उरलेली श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिली, आणि तेथून पाश्चात्य शास्त्रज्ञांचे कडुलिंबाकडे गांभीर्याने लक्ष गेले. आपल्या आज्या धान्यात कडुलिंबाचा पाला घालीत त्याला तोवर कैक पिढ्या लोटल्या होत्या. निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक उपयोगाचे एक पेटंट १९९४ मध्ये युरोपच्या पेटंट कार्यालयाने अमेरिकेच्या शेती खात्याला व एका अमेरिकी कंपनीला देऊन टाकले होते. भारतातून हरकत घेतली गेल्यावर २००० साली ते रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. अर्काची रीत सोपी आहे. पावसाच्या सुरुवातीला पडलेल्या निंबोळ्या गर काढून सावलीत वाळवाव्यात. लागतील तेव्हा पन्नास ग्रॅम कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्याने गाळून एक लिटर करावे आणि चिमूटभर साबणचुरा घालावा, म्हणजे ते पानाला धरून राहते. उन्हात त्याचे सत्त्व लवकर नासते, सबब संध्याकाळी फवारावे. त्याने कीड तत्काळ मरून पडत नाही. तिची खाण्यावरची वासना उडते आणि पुढली कात टाकणे तिला साधत नाही. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत पाहून अर्क कुचकामी ठरवणाऱ्यांनी चारपाच दिवस दम धरावा. तंबाखूचा काढा मारण्याची जुनी चाल मात्र सोडून द्यावी; निकोटीन हे कातडीतूनही अंगात भिनणारे जहाल विष आहे.

एवढे करूनही विकतचे विष आणायची पाळी आलीच तर बाटलीवरील रंगीत त्रिकोण पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांप्रमाणे लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. घरच्या अंगणात लाल-पिवळ्याला प्रवेश असू नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यांत अंगावर पुरते कपडे नसणे, वाऱ्याच्या तोंडावर फवारणे आणि निरनिराळी औषधे एकत्र कालवणे ही कारणे पुढे आली. जो पंप त्यांच्या पाठीवर होता त्याचाच धाकटा भाऊ आपल्या गच्चीत असतो. तोंडाला फडके, हातांत मोजे, वारा पाठीशी, मुले-मांजरे घरात, आणि वेळ मधमाश्या परतल्यानंतरची, एवढे पथ्य निंबोळी अर्कालाही पाळले तर बिघडत नाही. कढीपत्ता, तुळस, पुदिना यांवर विकतचे विष मारूच नये. त्यांची पाने आपण संध्याकाळी तोंडात घालणार असतो.

विषाणूंवर मात्र यांतले काहीच चालत नाही. परसातल्या भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याधमक होऊन जाळे पडले की तो हळद्या. मुंबई इलाख्यात कुलकर्णी यांनी १९२४ साली त्याची नोंद केली आणि १९४० मध्ये उप्पल, वर्मा व कपूर यांनी तो विषाणूजन्य असल्याचे सिद्ध केले. पांढरी माशी एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसते आणि रोग सोबत नेते. लागलेले झाड बरे करणारे औषध नाही. ते दिसल्या दिवशी उपटावे आणि पिशवीत घालून अंगणाबाहेर काढावे, कारण ते जितके दिवस उभे राहील तितके दिवस त्याची बाधा शेजारच्या झाडांना होत राहील. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून 'परभणी क्रांती' हे वाण काढले ते याच रोगाला तोंड देण्यासाठी. पुढल्या खेपेस बी घेताना पाकिटावर रोगप्रतिकारक वाणाचे नाव पाहून घ्यावे. आणि पावसाळी भेंडी पेरायची ती शक्यतो लवकर पेरावी, म्हणजे पांढरी माशी वाढण्याच्या आत चार तोडे तरी हाती लागतात.